पाच नंबरचं ब्रेक ऑइल

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. पत्र बघून हसाल. हातात फोन असताना ही बाई लिहीत कशाला बसली? तर आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की एका बाजूनं तुमची लेक आणि दुसऱ्या बाजूनं माझा लेक कान लावून बसतात, आणि फोन ठेवल्यावर मी काय बोलले याचा अर्थ मलाच समजावून सांगतात. पत्राचं तसं नाही.

सोबतच्या खोक्यात एक डबा आहे. खाऊ समजून चमचा घालू नका, ब्रेक ऑइल आहे. आमचे हे गेल्यावर तुम्ही मला तुमच्या गावी घेऊन गेलात, महिनाभर ठेवून घेतलंत आणि रडायला खोली द्यायच्या ऐवजी तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत नेऊन बसवलंत. साठीच्या बाईला क्लच शिकवायचा म्हणजे काय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्याबद्दल तुम्हाला काय द्यावं, हे मला आजवर सुचत नव्हतं. पडदे शिवून दिले, पण पडदे मी काय, कोणालाही शिवून देते.

शेवटी माझ्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. जुन्या गाड्या प्रदर्शनात मांडायचा शौक आहे त्यांना, आणि त्या गाड्यांच्या खोळी माझ्याकडून शिवून घेतात. म्हटलं, जिचा गाडीवर जीव आहे अशा बाईला काय द्यावं? ते म्हणाले, "पाच नंबरचं ब्रेक ऑइल द्या. तीन नंबर असतं, चार असतं, पण पाचाची सर कशाला नाही. गाडीवर सांडलं तरी रंग उडत नाही." आणि दिसायलाही काय सुरेख! जांभळं, पारदर्शक. द्यायचं तर वरच्या नंबरचंच द्यावं, नाही का?

आता मनातलं सांगते. बाळराजे बसायला लागलेत. त्यांना घेऊन तुमच्याकडे यायचं आहे आणि घाट मी उतरवणार आहे. घरात विषय काढला. तुमची लेक म्हणाली, "चालेल की." माझे चिरंजीव म्हणाले, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मी त्याला चालायला शिकवलं तेव्हापासून ओळखते. वडिलांची गाडी विकून टाकावी आणि आईनं दुकानात पडदे शिवत सुखानं बसावं, असं त्याला वाटतं. मला सुखानं बसायचं नाहीये हो. मला घाट उतरायचाय.

तुमची,
पडदेवाली


११ फेब्रुवारी

विहीणबाई,

डबा पोचला. काय हे! इतकं कशाला करायचं? त्याच दिवशी घातलं गाडीत. पेडल काय झालंय म्हणून सांगू, अगदी लोण्यासारखं. माझ्याकडे बँकेतले एक साहेब शिकायला येतात. ब्रेक लावतात म्हणजे झुरळ मारतात. काल तेसुद्धा म्हणाले, "बाई, गाडी आज फार समजूतदार वाटतेय." तुमच्या गिऱ्हाइकाला माझा नमस्कार सांगा.

घाटाचं वाचून आनंद झाला. जावईबापूंच्या 'बघू'कडे लक्ष देऊ नका. मी शिकवलेली कुठलीही बाई आजवर घाटात घाबरलेली नाही. मात्र तुमच्या गाडीचं एक काम आधी करून घ्या. व्याहीबुवा गेल्यापासून आतलं ब्रेक ऑइल कोणी बदललं नसेल. जुनं झालं की ते हवेतलं पाणी पिऊन बसतं. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. घाटात सारखा ब्रेक लावून तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि मग पेडल दाबलं तरी पाय नुसता खाली जातो. म्हणून घाटाआधी बदलायचंच. कुठलं घालायचं ते गॅरेजवाला बघेल, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

माझ्या लेकीला सांगा, आईला आठवड्यातून एकदा फोन केल्यानं बोट झिजत नाही.

तुमची,
मास्तरीण


२२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या आज्ञेप्रमाणे ब्रेक ऑइल बदललं. कसं आणि कुठलं ते आत्ता विचारू नका, समोर आल्यावर सांगेन. तुम्हाला थक्क करायचंय. तुमचं पत्र मी गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. झुरळाच्या वाक्याला ते इतके हसले की मोजमाप चुकलं आणि खोळीचं कापड वीतभर जास्त कापलं गेलं.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गाडी काढते. बाजाराचा उतार, मग शाळेचा उतार, मग वळसा घालून घरी. चिरंजीव खिडकीत उभे राहून चहा पितात आणि बघत नसल्याचं दाखवतात. येत्या आठवड्यात त्याला शेजारी बसवून उतारावर नेणार आहे. एकदा त्यानं 'बरी चालवतेस' म्हटलं की मी जिंकले.

बाळराजे गाडीत बसले की गप्प होतात. इंजिन बंद केलं की रडतात. कोणावर गेलेत ते मी बोलत नाही.

तुमची,
पडदेवाली


२ मार्च

विहीणबाई,

शाबास. कामाला लागलात, आता जीव भांड्यात पडला.

तुमच्यासाठी मागची खोली रिकामी करतेय. तिथे आतापर्यंत रहदारीच्या खुणांच्या पाट्या ठेवल्या होत्या. त्या काढल्या, फक्त 'सावकाश चला, पुढे शाळा आहे' ही एक ठेवली. बाळाला चित्र आवडेल. जावईबापूंना शेजारी बसवाल तेव्हा त्यांच्याशी बोलू नका. शिकाऊ माणूस बोलायला लागला की हात सुटतो, आणि आई बोलायला लागली की सगळंच सुटतं.

तारीख कळवा.

तुमची,
मास्तरीण


१४ मार्च

विहीणबाई,

तारीख कळवायची होती, पण आता तारीख नाही. पाय गेला माझा.

आधी आठवडाभर मला वाटत होतं की पेडल जरा खोल जातंय. म्हटलं, सकाळची वेळ आहे, सांधे आखडलेले असतात. पण परवा लेकाला शेजारी बसवलं आणि शाळेच्या उतारावर पुढे दूधवाल्याची गाडी थांबली. मी ब्रेक लावला. नव्या कापसाच्या उशीवर पाय द्यावा तसा पाय आत, आत, आतच गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठे गाडी थांबली. मध्ये वीतभर जागा राहिली असेल. कोणाला काही झालं नाही. दूधवाल्याला तर कळलंसुद्धा नाही.

लेक ओरडला असता तर मी भांडले असते. तो नुसता उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "आई, तू इकडे बस." आणि सावकाश, पहिल्या गिअरमध्ये गाडी घरी आणली.

गाडीचा दोष असेल असं म्हणायला जागाच नाही. आता सांगूनच टाकते, थक्क कसलं करायचंय. मीही तेच घातलंय, पाच नंबर. गॅरेजवाला झाकण बघून म्हणाला, "चार लिहिलंय, मी पाच घालणार नाही." मी म्हटलं, "माझ्या विहीणबाई सगळ्या गावाला गाडी शिकवतात, त्यांनी घातलंय, तुम्ही मोठे की त्या मोठ्या?" तो हात पुसत निघून गेला. मग मीच घरी आणून घातलं. शिलाई मशीनला तेल द्यायची पिचकारी आहे ना, तिनं टाकीतलं काळं तेल उपसून काढलं, तळ दिसेपर्यंत. पेडल चारदा मारून बघितलं, उरलंसुरलं वर यावं म्हणून. मग जांभळं ओतलं. तुमच्याच डब्याचा जोड आहे तो. तेच तेल तुमच्या गाडीत लोणी आणि माझ्या गाडीत ही गत. मग दोष कुणाचा राहिला?

दोन दिवस मशीनच्या पायट्यावर जोर देऊन बघितला. मशीन चालवायला पाय चांगला आहे. पण मशीनला घाट उतरायचा नसतो.

रविवारी एक माणूस गाडी बघायला येणार आहे. लेकानं नाही बोलावला, मीच बोलावला. ह्यांच्या गाडीचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते माझं मला. त्या दिवशी बाळ मागे असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

सध्या तुमच्याकडे कधी येणं होईल सांगता येत नाही.

तुमची,
पडदेवाली


१७ मार्च

विहीणबाई,

पत्र वाचल्याबरोबर फोन केला तो याचसाठी. "गाडीला हात लावू नका, कोणालाही लावू देऊ नका, त्या रविवारच्या माणसाला तर नाहीच नाही," एवढंच म्हणाले, कारण मागे जावईबापूंचा आवाज येत होता. तुम्हीही कमाल केलीत. "हो हो, तीन मीटर अस्तर लागेल" म्हणालात. मला हसावं की रडावं कळेना. बाकीचं कुरिअरनं पाठवतेय.

तुमच्या पायाला काही झालेलं नाही. पाय ठणठणीत आहे. मी खोटं लिहिलं होतं.

मी तुमचं पाच नंबर गाडीत घातलंच नाही. डबा माझ्या ऑफिसच्या फळीवर आहे, सील न तोडलेला. माझ्या गाडीच्या झाकणावरही चारच लिहिलंय आणि मी चारच घालते. लोणीबिणी सगळं मनचं. बँकेतले साहेब काही म्हणाले नाहीत, ते अजून झुरळंच मारतायत.

आता नीट वाचा. तीन आणि चार नंबर एका घराण्यातले. पाच वेगळं, ते सिलिकॉनचं. नंबर मोठा म्हणून ते वरचं होत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचं चुकलं नाही. त्यांच्या गाड्या उभ्या असतात, आतून सगळं धुऊन काढून पहिल्यापासून त्यांत तेच भरलेलं असतं. पण चारवर पाच ओतलं तर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पाचात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात. त्यात तुम्ही टाकी तळापर्यंत उपसून पेडल मारलंत, म्हणजे नळ्यांमध्ये आणखी हवा ओढली गेली. तेल दाबलं की गाडी थांबते, हवा दाबली की हवाच दबते. तुमच्या पायाला उशी लागली ती खरीच होती. पाय बरोबर सांगत होता. तुम्ही त्याचं ऐकायचं सोडून माझं ऐकलंत.

त्याच गॅरेजवाल्याला घरी बोलवा. गाडी ओढून न्यायला सांगा, चालवत नेऊ नका. सगळं जांभळं काढून, नळ्या धुऊन, रबरं तपासून, नव्या सीलबंद डब्यातलं चार नंबर भरायचं आणि हवा काढायची. दुकानात 'पाच पॉइंट एक' म्हणून आणखी एक दाखवतील. ते चारच्याच घराण्यातलं आहे, पण त्याच्याही फंदात पडू नका. झाकणावर आहे ते घालायचं.

आता मी असं का केलं. तुम्ही मुलाकडच्या. माझी लेक तुमच्या घरात आहे. तुम्ही एवढ्या मायेनं पाठवलेली वस्तू 'चालणार नाही' म्हणून फळीवर ठेवली, हे कोणत्या तोंडानं कळवायचं? म्हटलं, चार गोड वाक्यं लिहावीत, कोणाचं काय बिघडतंय. आणि तुमच्या गाडीत कुठलं घालायचं हे सरळ लिहायचं, तर 'चार' लिहावं लागलं असतं आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून गॅरेजवाल्यावर ढकललं. शिकाऊ लोकांना मी रोज सांगते, ब्रेकशी खेळ नको. आणि मीच खेळले, तेही तुमच्याशी. तुम्ही त्या उतारावर होतात आणि मी इथे पाट्या पुसत होते. मला माझीच लाज वाटते आहे.

जावईबापूंना सगळं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

तुमची,
मास्तरीण


२३ मार्च

विहीणबाई,

मुलाकडची म्हणे! माझ्या शेजारच्या सीटवर बसून "बाई, आरसा बघा, तो टिकल्या लावायला नाही दिलेला" असं भर चौकात ओरडलात, तेव्हा मी मुलाकडची नव्हते? स्टिअरिंगवर असेन तेव्हा वाटेल ते बोलायचं आणि डबा पाठवला की मान द्यायचा, हे कुठलं शास्त्र?

रागावले. खूप रागावले. पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रागावले. मग लक्षात आलं की मी रागावतेय आणि हसतेय. पाय ठणठणीत आहे हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. आठवडाभर मी जिना उतरताना कठडा धरत होते, माहितेय? पत्र वाचून उठले आणि माळ्यावरचे तागे शिडीवर चढून काढले.

आता गाडीचं. गॅरेजवाला आला. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." तो भला माणूस, नुसता म्हणाला, "पिचकारी बघू." बघितली आणि खिशातून रुमाल काढून तोंड झाकून हसला. गाडी ओढून नेली. दोन रबरं बदलली, नळ्या धुतल्या, चार नंबर भरलं. हवा काढताना मी पेडलवर होते आणि तो चाकाशी. तो म्हणायचा "दाबा", मी दाबायचे. तो म्हणायचा "धरा", मी धरायचे. शेवटी पेडल पायाखाली असं उभं राहिलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, तेल उडालं डोळ्यात. पाण्याची बाटली घेऊन धावत आला बिचारा.

रविवारच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. लेकाला सगळं सांगितलं, तुमच्या नावासकट. तो म्हणाला, "म्हणजे तिसऱ्यांदा दाबून तू गाडी थांबवलीस, ती अशा ब्रेकवर?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मला नसती थांबवता आली." आणि उठून गेला. 'बरी चालवतेस' नाही म्हणाला, पण माझं भागलं.

एक अट आहे. यापुढे आपल्यात मान बंद. खरं काय ते सांगायचं. सुरुवात मी करते: तुमच्या पाहुण्यांच्या पलंगाची मधली फळी ढिली आहे. महिनाभर मी कडेला लाकडासारखी झोपले होते आणि रोज सकाळी तुम्हाला "छान झोप लागली" म्हणत होते.

नऊ एप्रिलला निघतो. घाट मी उतरवतेय.

तुमची,
पडदेवाली


१९ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही सगळे गेल्यापासून घर खायला उठतंय. बाळानं पाटीवरच्या शाळेच्या पोरांना चाटून चाटून फिकं केलंय. पुसवत नाही.

अटीप्रमाणे खरं सांगते. तुम्ही शिवून दिलेले पडदे दोन बोटं आखूड आहेत. वर्षभर मी त्यांच्याखाली पुस्तकं रचून ठेवते, म्हणजे फट दिसत नाही. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, बाईला वाचनाचं किती वेड!

अजून एक खरं. फाटकातून तुमची गाडी आत आली तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी चाकांकडे बघितलं, मग वास घेतला, ब्रेक तापलेत का म्हणून. नव्हते तापलेले. खालच्या गिअरमध्ये उतरलात, जसं सांगितलं होतं तसं. तेव्हा कुठे मी तुमच्याकडे बघितलं, आणि बाळाला घेतलं. मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. इतकी माणसं शिकवली, पण कोणाची वाट बघत फाटकात उभी राहिले नव्हते.

जावईबापू मात्र अजून मान सोडत नाहीत. मी विचारलं, "घाट कसा झाला?" तर म्हणाले, "कधी संपला कळलंसुद्धा नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, एवढं कळतं मला. त्यांनाही सांगा आपली अट.

तुमची,
मास्तरीण


२७ एप्रिल

विहीणबाई,

पडदे पाठवून द्या, खाली पट्टी जोडून देते. दोन बोटं! आणि वर्षभर गप्प! धन्य आहे तुमची.

जावयाबद्दल मात्र तुमचा गैरसमज झालाय. त्यानं मान नाही राखला, खरं तेच सांगितलं. घाट लागला तेव्हा तो मागच्या सीटवर बाळाशेजारी ताठ बसला होता. पहिली दोन वळणं मला आरशात त्याचा चेहरा दिसत होता. बघत होता, एकदा रस्त्याकडे, एकदा माझ्याकडे. मग माझं लक्ष रस्त्यावर गेलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ, आणि पायाखाली ते पेडल, दाबलं की जागच्या जागी उभं राहणारं. मी कोणाशी बोलले नाही, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. बऱ्याच वेळानं जाणवलं की माझ्याशीही कोणी बोलत नाहीये.

आरशात बघितलं. तुमची लेक खिडकीला डोकं टेकून झोपलेली. बाळ झोपलेलं. आणि माझा लेक, विहीणबाई, तोंड उघडं टाकून घोरत होता.

वाटलं, थांबवावी गाडी, उठवावं सगळ्यांना आणि म्हणावं, बघा रे, मी घाट उतरवतेय! पण खाली दुसरा गिअर टाकला आणि झोपू दिलं त्यांना.

तुमची,
पडदेवाली